पायातल्या मुंग्या, टाकीतलं पाणी

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मी रोज रात्री दीड-दोनला उठायचे, बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचे आणि एका दमात आकडे मोजायचे. बत्तिसापर्यंत पोचले की जरा हायसं वाटायचं. अठ्ठाविसाला दम संपला की पुन्हा पहिल्यापासून. श्वासाचे स्नायू दुबळे व्हायला लागले की पेशंटला एका दमात विसापर्यंतही मोजता येत नाही, असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. मोजून झालं की टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार पावलं. मग स्टुलावर बसून गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने टोला मारायचा. पाय उडाला तर झोपायला जायचं. बहुतेक वेळा तो उडायचाच नाही.

आम्ही किरकटवाडीला राहतो. सिंहगड रोडने खडकवासल्याकडे निघालं की नांदेड फाट्याच्या पुढे. गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं, इमारती त्याच्या आधीपासून उभ्या होत्या. पाणी थोडं नळाचं, बाकी टँकरचं, प्यायला वीस लिटरचा जार. त्या वर्षी संक्रांत मंगळवारी, १४ तारखेला होती. बुधवारी मला आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला जुलाब सुरू झाले. तो दोन दिवसांत खडखडीत बरा झाला. मला मात्र चार दिवस लागले, अंगात कणकणही होती. गुळाच्या पोळ्या बाधल्या असतील म्हणून आम्ही ओआरएस आणि मऊ भातावर काढलं आणि विसरूनही गेलो.

पुढच्या आठवड्यात बातमी आली. सिंहगड रोड, धायरी, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, संशयित रुग्ण सापडलेत. राज्याच्या आरोग्य विभागाने शीघ्र प्रतिसाद पथक नेमलंय. हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो आणि इथे एकाच रस्त्यावरच्या वस्त्यांमध्ये दोन डझनांच्या आसपास पेशंट. चारच दिवसांत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, आकडा शंभराच्या पुढे गेला. सोलापूरला एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचं आलं. काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस. हे जंतू दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या अन्नातून पोटात जातात. जुलाब होतात, थांबतात. आणि मग क्वचित कुणाच्या तरी बाबतीत, साधारण एक ते तीन आठवड्यांनी, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते. सुरुवात पायांपासून होते. पायाला मुंग्या येतात, मग पाय लुळे पडायला लागतात, आणि तो दुबळेपणा वर चढत जातो.

जुलाबांनंतर एक ते तीन आठवडे. हे वाक्य मी मोबाईलवर ओट्यापाशी उभी राहून वाचलं आणि हातातलं उलथनं तसंच धरून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर जाऊन उभी राहिले. पंधरा तारखेवर पेन्सिलने बारीक टिंब केलं. तिथपासून मोजलं तर आज आठवा दिवस. एकविसावा दिवस ४ फेब्रुवारीला. त्या चौकोनात छापलं होतं: रथसप्तमी.

मुंग्या त्याच रात्री आल्या. डाव्या पायाच्या करंगळीपासून सुरू झाल्या, मग दोन्ही पायांत, मग बोटांच्या टोकांना, ओठांच्या कडेला. हे सगळं मला स्पष्ट जाणवत होतं, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. पुढे मला कितीतरी जणांनी सांगितलं की तो मनाचा खेळ होता. मला हे शब्द मान्य नाहीत. मुंग्या अगदी खऱ्या होत्या. त्या कशाने येत होत्या, एवढंच मला चुकीचं कळलं होतं.

आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सासरे घरीच विलगीकरणात होते. त्यांचं ऑक्सिजन मी दर चार तासांनी मोजून वहीत लिहायचे. ९५, ९५, ९४. एका संध्याकाळी ९२ आलं. हात गार असतील, यंत्र नीट बसलं नसेल, सकाळी बघू, असं मी म्हणाले. सकाळी ८६ होतं. मग बेडसाठी फोन आणि रुग्णवाहिका. नऊ दिवसांनी ते गेले. सकाळी बघू म्हणणारी मी होते. घरात मला कुणी कधी एका शब्दाने बोललं नाही, आणि म्हणूनच असेल, ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं. चार वर्षांनी पुन्हा एक साथ दारात आल्यावर मी मनाशी पक्कं केलं, या वेळी उशीर करायचा नाही. तेच ऑक्सिमीटर ड्रॉवरमधून काढलं, नवे सेल घातले आणि गाऊनच्या खिशात ठेवलं.

दिवसा मी ठीक दिसायचे. डबे भरायचे, ऑफिसचं काम घरून करायचे. पण दर थोड्या वेळाने चपलेत बोटं हलवून बघायचे. जिना चढताना पायऱ्या मोजायचे, कालच्यापेक्षा आज जड जातंय का? बाटलीचं झाकण उघडताना बळ कमी पडलं तर पोटात धस्स व्हायचं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी काहीतरी टाकायचं. व्हेंटिलेटरचे फोटो, एकेका इंजेक्शनला हजारो रुपये लागतात असे हिशोब, पनीर बंद करा, चिकन बंद करा. महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय केल्याची बातमीही त्याच ग्रुपवर होती. ती मी एकदा वाचली. फोटो मात्र दहादा पाहिले.

आरोग्य खात्याची माणसं घरोघर सर्वेक्षणाला येत होती. आमच्याकडे दोघी आल्या. एकीने विचारलं, "घरात गेल्या महिनाभरात कुणाला जुलाब, उलट्या?" मी म्हणाले, "हो. मला आणि मुलाला." तिने काहीही चेहरा न करता लिहून घेतलं. "आता हातापायाला अशक्तपणा?" मी गप्प. सासूबाई म्हणाल्या, "नाही हो, चांगली आहे ती." ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, पाणी उकळून घेताय ना? नुसतं कोमट नको, खळखळून उकळू द्या. जारचं असलं तरी." जाताना त्यांनी दारावर खडूने खूण केली. ती खूण मी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसली. आमच्याच दारावर खूण आहे असं वाटत होतं. खरं तर ती प्रत्येक दारावर होती.

हळदीकुंकवाचे दिवस होते. मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं म्हणून गेले. एरवी तिथे अर्धा तास उठवत नाही. त्या दिवशी आठ-दहा बायका सतरंजीवर बसलेल्या, समोर मसाला दुधाचे पेले, आणि एकीनेही पेला उचललेला नाही. काकूंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अगं, दूध उकळलेलं आहे. पेलेही उकळत्या पाण्यातून काढलेत मी." तरी कुणी हलेना. शेवटी काकूंनी स्वतःचा पेला उचलून सगळ्यांसमोर संपवला. त्यांचा हात थरथरत होता. मी तिळगूळ मुठीत घेऊन घरी आले आणि डब्यात न ठेवता कचऱ्यात टाकला. ज्या बाईने पेले उकळून घेतले तिचा तिळगूळ मी टाकला, याचं मला अजून वाईट वाटतं.

नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखाना तुडुंब भरला होता. त्यांनी नाडी बघितली, म्हणाले, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." खाली पार्किंगपर्यंत बरं वाटलं. गाडीची किल्ली फिरवताना मनात आलं, यांनी पाय तर तपासलेच नाहीत.

रात्री नवऱ्याला विचारायचे, "मला काही होणार नाही ना?" तो म्हणायचा, "नाही गं, काही होणार नाही." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका रात्री त्याने उत्तर दिलं नाही, नुसता हात धरून पडून राहिला. तोही थकला होता.

आणि मग ३१ तारखेची संध्याकाळ. मी गॅलरीतून कपडे काढून आत आले तर पॅसेजमध्ये मुलगा टाचांवर चालत होता. हात बाजूला पसरलेले, जीभ दातांत धरलेली, भिंतीपर्यंत जायचं आणि चवड्यांवर परत यायचं. "काय करतोयस रे?" तो म्हणाला, "चेक करतोय. तू करतेस ना रोज. मलापण जुलाब झाले होते." माझ्या हातातले कपडे तिथेच पडले. सासूबाई आतून आल्या, त्याला जवळ घेतलं आणि माझ्यापुढे हात केला. "ते यंत्र दे माझ्याकडे. मी ठेवते." मी खिशातून ऑक्सिमीटर काढून दिलं. त्या यंत्राचं त्यांच्याशी काय नातं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि कपाटात, सासऱ्यांच्या चष्म्याशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. तिथला अर्धा तास मी कधी विसरणार नाही. त्यांनी मला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि रबरी हातोडीने गुडघ्याखाली हलकेच मारलं. पाय हलला नाही. पुन्हा मारलं. नाही. माझ्या कानात गुंई असा आवाज सुरू झाला. डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "तुम्ही मांडी दगडासारखी आवळून धरलीय. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा. अशी, आकड्यासारखी. आता मी सांगितलं की जोरात बाहेर ओढा." मी ओढली. त्याच क्षणी हातोडी पडली आणि पाय असा उडाला की त्यांच्या कोटाला लागला. दुसराही उडाला. मग घोटे, मग कोपर. सगळं जागच्या जागी होतं.

बाथरूममध्ये रोज रात्री पाय का उडत नव्हता, ते तेव्हा कळलं. घाबरून ताठरलेल्या पायाचा झटका दिसत नाही. शिवाय हाताच्या कडेने, चुकीच्या जागी मारलेला टोला. रोज रात्री मी स्वतःची परीक्षा घेत होते आणि ती नापास होण्यासाठीच बेतलेली होती.

डॉक्टरांनी एक गोष्ट फार मोलाची केली. "काही नाही" म्हणून मोकळे झाले नाहीत. त्यांनी सांगितलं की हा आजार तासा-तासाला येत-जात नाही. भाजी चिरताना मुंग्या गेल्या आणि अंथरुणावर पडल्यावर आल्या, असं तो करत नाही. त्यातला दुबळेपणा दिवसागणिक वाढत जातो, आणि हातोडी मारल्यावर गुडघ्याला-घोट्याला बसणारे झटके मंदावत जातात किंवा नाहीसेच होतात. मग एका कागदावर लिहून दिलं: मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता आलं नाही, जिना चढवेना, गिळताना ठसका लागायला लागला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, दम लागला, तर वाट न बघता थेट या, रात्री-अपरात्रीसुद्धा. आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक पेशंट बरे होतात, हेही सांगितलं. काहींना महिने लागतात, पण होतात. मला कुणीतरी धीर देण्यापेक्षाही, कधी घाबरायचं हे सांगणारं माणूस हवं होतं. तो कागद मी फ्रिजवर लावला. मुलासाठीही तोच कागद.

त्यांनीच समुपदेशकांकडे पाठवलं. पन्नाशीच्या बाई होत्या. मी सगळं सांगितलं, २०२१ सकट. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक मिनिट माझ्याबरोबर श्वास घ्याल? जरा भराभर, तोंडाने, धावत आल्यासारखा." त्या स्वतःही घ्यायला लागल्या. पन्नास सेकंदसुद्धा झाले नसतील, माझ्या बोटांच्या टोकांना, ओठांच्या कडेला, मग पायांत त्याच मुंग्या आल्या. अगदी त्याच. मी ताडकन त्यांच्याकडे बघितलं. त्या हसत म्हणाल्या, "मलाही आल्यात." माणूस घाबरला की नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने मुंग्या येतात. म्हणजे मी बातमी वाचत होते, घाबरत होते, श्वास वाढत होता, मुंग्या येत होत्या, आणि मुंग्यांना घाबरून श्वास आणखी वाढत होता. नेमकं त्या आजाराचं पहिलं लक्षणही तेच. करोनात ताप आणि खोकला तरी मोजता यायचा. इथे भीतीने आजाराचाच अंगरखा घातला होता.

त्यांनी पहिलं काम दिलं ते फक्त मोजायचं. दिवसातून किती वेळा तपासते, तेवढ्या रेघा वहीत मारायच्या. थांबवायचं नाही. पहिल्या दिवशी एक्केचाळीस रेघा झाल्या. मला वाटलं होतं दहा-बारा असतील. मग दुसरं काम: तपासावंसं वाटलं की घड्याळ बघून पंधरा मिनिटं थांबायचं, मग हवं तर तपासायचं. ती पहिली पंधरा मिनिटं भयंकर गेली. मी ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी होते, घाम फुटला होता, सासूबाई शेजारी निमूटपणे मेथी निवडत होत्या. पंधरा मिनिटं झाली तेव्हा तपासायची घाई जराशी बोथट झाली होती. जराशीच. पण ती आपोआप कमी होऊ शकते हे मी पहिल्यांदा पाहिलं. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला, आणि त्याही नवऱ्याने वाचून सांगायच्या. रात्री मी विचारलं, "काही होणार नाही ना?" तर त्याने "नाही" म्हणायचं नाही. "तुला भीती वाटतेय. मी इथे आहे," एवढंच म्हणायचं. पहिल्या रात्री मला त्याचा भयंकर राग आला. आठव्या रात्री मी विचारलंच नाही.

पण एका गोष्टीवर मी त्यांच्याशी वाद घातला. "माझी भीती खोटी नव्हती. आमच्या इथलं पाणी खरंच वाईट आहे. लोक खरंच आजारी पडलेत," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग पाण्याचं काय केलंत?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवडे मी पायांना पहारा दिला होता. टाकीचं झाकण उघडून बघितलं नव्हतं.

रथसप्तमीच्या दिवशी, टिंबापासून एकविसाव्या दिवशी, आम्ही पाच-सहा जणांनी सोसायटीची खालची टाकी रिकामी करून घेतली. झाकणाची कड फुटलेली होती आणि त्या फटीतून अंगणातलं सांडपाणी आत झिरपत होतं. तळाला बोटभर काळा गाळ. प्लंबर आत उतरला, त्याने खराट्याने गाळ ओढला तेव्हा जो वास आला, तो घेऊन माझ्या शेजारची काकू म्हणाली, "हे आपण पीत होतो?" भांडी तरी त्यातच धूत होतो, भाजी त्यातच, मुलं दातही त्याच पाण्याने घासत होती. जारच्या पाण्यावर विसंबून आम्ही निर्धास्त होतो. पण त्याच दिवसांत महापालिकेने परिसरातले पाणी शुद्ध करून विकणारे काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले, म्हणजे जारचीही खात्री नव्हती. माझे ते चार दिवसांचे जुलाब कुठून आले, हे कधीच सिद्ध होणार नाही. पण मला त्या गाळाकडे बघितल्यावर गुळाच्या पोळीचा संशय उरला नाही.

नवं झाकण बसलं. टँकर आला की आधी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मग अर्धा तास थांबून पाणी वर चढवायचं, असं ठरलं. आणि मी एक क्लोरोस्कोप आणला. काचेची नळी, बाटलीत औषध, रंगांची पट्टी. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. गावाकडे ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी ही ओटी टेस्ट नेहमी करतात. शहरात राहणाऱ्या आम्हाला ती शब्दानेही माहीत नव्हती. पहिल्या दिवशी पहिल्या विंगेच्या नळाचं पाणी छान पिवळं झालं आणि शेवटच्या विंगेचं नितळ राहिलं. नितळ पाणी बघून घाबरायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या विंगेकडे जाणाऱ्या पाइपला गळती होती.

साथ मार्चमध्ये ओसरली. पेशंटचा एकूण आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. आमच्या गल्लीतल्या एक आजी दीड महिन्याने दवाखान्यातून आल्या, अजून वॉकर घेऊन चालतात. त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात दाबून दाखवला आणि म्हणाल्या, "बघ, पकड आली." मी त्यांच्याकडे पाणी प्यायले.

माझं पूर्ण गेलेलं नाही. अजूनही कुठे साथीची बातमी आली की बोटं चपलेत हलतात. वहीतल्या रेघा आता आठवड्याला दोन-तीन असतात, काही आठवडे एकही नाही. समुपदेशनाला मी सहा महिने गेले. त्यातले शेवटचे दोन महिने पायांबद्दल बोललोच नाही, सासऱ्यांच्या त्या संध्याकाळबद्दल बोललो. ९२ आकड्याबद्दल. ते काम अजून चालू आहे.

दर रविवारी सकाळी मी आणि मुलगा नळी घेऊन चारही विंगांच्या खाली फिरतो. थेंब तो टाकतो, आकडा मी रजिस्टरमध्ये लिहिते. गेल्या रविवारी तिसऱ्या विंगेखाली उकिडवी बसून लिहीत होते, तेवढ्यात डाव्या पायाला मुंग्या आल्या. रंग फिका होता. तो नीट पट्टीशी लावून बघितला, तारीख घातली, सेक्रेटरींना फोन केला. मग पाय झटकून उठले. मुलगा चौथ्या विंगेकडे पोचलाही होता.